दरबारी ऑर्गनवादक फ्रोबर्गर: मेट्रोनोम लावून तो निर्जीव का वाजतो?

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: पियानो शिकतोय, योहान याकोब फ्रोबर्गरचा एक ‘लामेंटो’, म्हणजे शोकरचना, कानावर पडला आणि मनात बसला. स्वरलिपी मिळवली, मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) लावून बसवायला घेतली, तर सगळं निर्जीव वाजतं. फ्रोबर्गर व्हिएन्नाच्या सम्राटाचा दरबारी ऑर्गनवादक होता असं वाचलं. म्हणजे तो नेमकं काय करायचा? आणि इतका मोठा असेल तर त्याचं नाव बाखसारखं सगळ्यांना माहीत का नाही?

मी बरीच वर्षं हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं स्वरपट्टीचं वाद्य) आणि ऑर्गन वाजवते, शिकवते, आणि फ्रोबर्गर माझ्या रोजच्या रियाजातला संगीतकार आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. आधी मेट्रोनोम बंद करा. तो का बंद करायचा आणि फ्रोबर्गरचं नाव मागे का राहिलं, या दोन्हींचं मूळ एकच आहे. त्याने आपलं संगीत जवळजवळ आयुष्यभर छापू दिलं नाही. काही अंशी ते सम्राटाचं होतं म्हणून, आणि त्याहून जास्त, नुसत्या कागदावरून ते कुणाला नीट वाजवता येईल यावर त्याचा विश्वास नव्हता म्हणून. ही गोष्ट त्याच्या नोकरीतून, प्रवासातून आणि गुरूकडून मिळालेल्या तालमीतून कशी घडत गेली ते पाहू.

त्याचा बाप्तिस्मा 19 मे 1616 रोजी श्टुटगार्टमध्ये झाला. वडील बाझिलियस तिथल्या व्युर्टेंबर्गच्या ड्यूकच्या दरबारात टेनर गायक होते आणि 1621 पासून दरबारी संगीताचे प्रमुख. घरात शंभरहून जास्त संगीतग्रंथांचा संग्रह, भाऊही त्याच दरबारात वादक. त्या दरबारात इंग्लंडसारख्या परक्या मुलुखांतून आलेले कलावंतही होते, म्हणजे मुलाच्या कानावर लहानपणापासून चार देशांचं संगीत पडलं. पण हा काळ तीस वर्षांच्या युद्धाचा. 1634 मध्ये नॉर्डलिंगेनच्या लढाईत प्रोटेस्टंट बाजू हरली, श्टुटगार्टचा दरबार विस्कटला आणि वादक-गायकांची दाणादाण उडाली. 1637 मध्ये प्लेगने त्याचे आईवडील आणि एक बहीण गेली. वडिलांचा ग्रंथसंग्रह त्याने आणि त्याच्या आयझॅक नावाच्या भावाने व्युर्टेंबर्गच्या दरबारालाच विकला. त्याच्या संगीतात मृत्यू इतक्या वेळा का येतो, असं मला विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना आधी ही तारीख सांगते. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

त्याच वर्षी, 1637 मध्ये, तो व्हिएन्नात सम्राटाच्या नोकरीत ऑर्गनवादक म्हणून दिसतो. हे काम कसं होतं? संगीत नाटकातला, पायाने भाता मारत वाजवायचा ऑर्गन डोळ्यांपुढे आणू नका. चर्चचा ऑर्गन म्हणजे भिंतीएवढ्या चौकटीत बसवलेल्या शेकडो नळ्या, आणि त्यांना हवा पुरवणारे मोठे भाते. वादक स्वरपट्टीवर बसायचा आणि मागे दुसरा माणूस भाते दाबत राहायचा. हा भातेवाला लक्षात ठेवा, पुढे लंडनमध्ये त्याची गरज पडणार आहे.

दरबारी ऑर्गनवादकाचं मुख्य काम राजवाड्याच्या चॅपलमधल्या उपासनेचं. गायकवृंदाला आणि व्हायोलिनांना खालच्या स्वराच्या आधाराने साथ करायची, म्हणजे समोर फक्त खर्जाची ओळ आणि तिच्यावर आकडे, बाकीचं वादकाने जागच्या जागी भरायचं. दोन गायनांच्या मधल्या जागा एकट्याने वाजवून भरायच्या, आणि मासमध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, पाद्री भाकर उंचावून धरतो त्या क्षणासाठी अगदी संथ, स्तब्ध करणारं काहीतरी वाजवायचं. फ्रोबर्गरच्या 1649 च्या संग्रहातल्या पाचव्या आणि सहाव्या टोकाटांवर (टोकाटा म्हणजे स्वरपट्टीवरची मोकळ्या ढंगाची रचना) त्या क्षणासाठीच असल्याची नोंद आहे. शिवाय राजघराण्याच्या खासगी दालनात हार्पसिकॉर्ड. व्हिएन्नात एका वेळी एकाहून जास्त ऑर्गनवादक असायचे; वोल्फगांग एबनर हा त्याचा सहकारी. सगळ्यांच्या वर कापेलमायस्टर, म्हणजे दरबारी संगीताचा प्रमुख, आधी जोव्हान्नी व्हालेंतीनी, मग अंतोनियो बेर्ताली, दोघेही इटालियन. मोठे मास, ऑपेरा, समारंभाचं संगीत लिहिणं हे त्यांचं काम. म्हणूनच फ्रोबर्गरच्या गायनासाठीच्या फक्त दोन रचना उरल्या आहेत. बाकी सगळं स्वरपट्टीचं.

नोकर की कलावंत, असा प्रश्न पडत असेल तर कागदोपत्री तो नोकरच. पण मालक साधा नव्हता. सम्राट फर्डिनांड तिसरा स्वतः संगीतरचना करायचा, आणि चांगल्या करायचा. असा धनी मिळणं हे फ्रोबर्गरचं भाग्य. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, तोच त्याने रोमला जाऊन शिकण्याची परवानगी मागितली आणि 200 गुल्डन मंजूर झाले. अट एक होती, लुथरन पंथ सोडून कॅथलिक व्हायचं. तो झाला.

रोममध्ये त्याचा गुरू होता जिरोलामो फ्रेस्कोबाल्डी, सेंट पीटर्स बॅसिलिकाचा ऑर्गनवादक. इथे जरा थांबायला हवं, कारण तुमच्या मेट्रोनोमचं उत्तर इथे आहे. फ्रेस्कोबाल्डीने 1615 च्या टोकाटांच्या संग्रहाला प्रस्तावना जोडली आहे. तिचा आशय असा: हे वाजवताना ठोके काटेकोर मोजू नयेत. गायक जसे शब्दांतल्या भावाप्रमाणे कुठे लय ओढतात, कुठे सोडतात, मध्येच श्वासासाठी थांबतात, तसं वाजवावं. सुरुवातीचे स्वरसमूह एकदम न दाबता हळूहळू उलगडावेत. म्हणजे छापणाऱ्याने स्वतःच लिहून ठेवलं की छापलेलं जसंच्या तसं वाजवू नका. फ्रोबर्गर त्याच्याजवळ साधारण तीन वर्षं शिकला आणि 1641 मध्ये व्हिएन्नाला परतला.

1645 नंतर तो पुन्हा इटलीत गेला. या खेपेला रोममध्ये त्याचा संबंध आला अथानासियस किर्शर या जेझुइट विद्वानाशी. किर्शरने पेटीत पट्ट्या बसवून संगीतरचना जुळवण्याची एक युक्ती केली होती. फ्रोबर्गर ती शिकला आणि परतीच्या वाटेवर त्याने ती इटलीतल्या राजेरजवाड्यांना दाखवली. किर्शरच्या 1650 च्या प्रचंड संगीतग्रंथात फ्रोबर्गरची एक फँटसी छापली आहे. तो हयात असताना त्याचं छापलं गेलेलं संगीत म्हणजे जवळजवळ एवढंच.

याच काळात, सप्टेंबर 1649 मध्ये, त्याने फर्डिनांडला स्वहस्ते लिहिलेला संग्रह अर्पण केला, ‘लिब्रो सेकोंदो’, म्हणजे दुसरं पुस्तक. सहा टोकाटा, सहा फँटसी, सहा कॅन्झोना (या दोन्ही अनेक आवाज एकमेकांत गुंफणाऱ्या रचना), सहा स्वीट, म्हणजे नृत्यरचनांचे संच. शीर्षकांची नक्षी आणि चित्रं श्टुटगार्टच्या योहान फ्रीडरिश झाउटरने काढली. चौथं पुस्तक 1656 चं. पहिलं आणि तिसरं हरवलं. उरलेली दोन्ही व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांच्या छायाप्रती अवश्य पाहा. फँटसी आणि त्याच जातीचे रिचेरकार यांच्यातले चारही आवाज चार स्वतंत्र ओळींत लिहिले आहेत, एकाखाली एक, म्हणजे प्रत्येक आवाजाची चाल डोळ्यांना वेगळी दिसते. ही पुस्तकं एका वाचकासाठी होती, सम्राटासाठी. बाजारात विकायला कुणी असं पुस्तक करत नाही.

ऑगस्ट 1649 मध्ये सम्राज्ञी मारिया लिओपोल्डिना वारली, दरबारातलं संगीत मंदावलं, आणि फ्रोबर्गर पुन्हा रस्त्याला लागला. ड्रेस्डेनला सॅक्सनीच्या इलेक्टरसमोर, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यासमोर, त्याचा आणि ऑर्गनवादक माथियास वेकमानचा सामना झाला. जुगलबंदीतून वैर न होता दोस्ती झाली. पुढे त्याने वेकमानला आपला एक स्वीट स्वतःच्या हाताने लिहून पाठवला, सगळ्या हरकती-मुरक्यांसकट, आपला हात कसा चालतो ते कळावं म्हणून. ज्याला ऐकवता येणार नाही अशा मित्रासाठी त्याने एरवी न लिहिलेलं लिहून काढलं.

ब्रुसेल्स झाल्यावर 1652 मध्ये पॅरिस. पॅरिसमध्ये त्याला ल्यूट हे तारा छेडून वाजवायचं वाद्य भेटलं. ल्यूटवर चार स्वर एकदम दाटून वाजवत नाहीत, एकामागून एक झिरपत जातात. जाक शांबोनिएर आणि लुई कुपरँ यांनी हे हार्पसिकॉर्डवर आणलं होतं. फ्रोबर्गरने ते घेतलं आणि रोमहून आणलेल्या मुक्त लयीशी जोडलं. देवाणघेवाण दुतर्फी होती: लुई कुपरँचं एक प्रेल्यूड (सुरुवातीला वाजवायची रचना) ‘फ्रोबर्गर महाशयांच्या अनुकरणाने’ या शीर्षकाचं आहे, आणि मधला भाग सोडला तर त्यात स्वरांना मात्राच लिहिलेल्या नाहीत. सगळे गोल, रिकामे स्वर आणि वर लांब कंस. किती थांबायचं ते वादकाने ठरवायचं. फ्रोबर्गरच्या टोकाट्याची सुरुवात आणि हे प्रेल्यूड शेजारी ठेवून वाजवा. एकाच गोष्टीचे दोन लेखनप्रकार दिसतील, आणि फ्रोबर्गरने लिहिलेल्या मात्रांचा खरा अर्थ कळेल. त्याच्या संगीताबद्दलचा इतका चांगला धडा मला दुसऱ्या कुठल्या कागदावर सापडलेला नाही.

पॅरिसमध्येच त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्लांक्रोशे हा ल्यूटवादक जिन्यावरून पडून गेला. फ्रोबर्गर तेव्हा तिथे होता. त्याने ब्लांक्रोशेसाठी शोकरचना केली, आणि तिच्यावर स्पष्ट सूचना आहे की ती कुठलाही ठेका न पाळता संथ वाजवावी. शेवटी एक सरगम उतरत जाते, थेट खर्जाच्या तळाला. जिना, कबर, दोन्ही त्यात ऐकू येतात.

मग लंडन. या प्रवासाची हकीकत एका अलमांदच्या (संथ नृत्यरचनेच्या) जोडीने हस्तलिखितात आली आहे. रचनेचं नाव ‘उदासी घालवण्यासाठी लंडनमध्ये केलेलं गाऱ्हाणं’. पॅरिस ते काले वाटेत त्याला लुटलं, मग समुद्रात चाच्यांनी पुन्हा लुटलं, आणि हा सम्राटाचा ऑर्गनवादक खलाशाच्या कपड्यांत लंडनला पोचला. तिथे ऑर्गनचे भाते दाबायचं काम पत्करलं, पण आपल्याच दुःखात इतका बुडाला की भाते दाबायचं विसरला, आणि वादकाने त्याला लाथ घालून दाराबाहेर काढलं. अशीच आणखी एक अलमांद आहे, ऱ्हाइन नदीत बोटीवर आलेल्या संकटाची. तिच्यात स्वरांवर 1 ते 26 आकडे आहेत आणि प्रत्येक आकड्याला प्रसंग जोडलेला: कुणी तलवार नावाड्याकडे द्यायला जातो, पाण्यात पडतो, बाकीचे जागे होऊन ओरडतात. हे आकडे नसते तर ही एक देखणी नृत्यरचना, एवढंच आपण म्हणालो असतो. त्याच्या किती रचनांची अशी किल्ली हरवली असेल, या विचाराने मला हळहळ वाटते.

एप्रिल 1653 मध्ये तो व्हिएन्नाला परत रुजू झाला. पुढच्याच वर्षी 9 जुलैला सम्राटाचा मोठा मुलगा, ‘रोमनांचा राजा’, म्हणजे भावी सम्राट, म्हणून अभिषेक झालेला फर्डिनांड चौथा, देवीच्या आजाराने गेला. वय अवघं वीस. तुम्ही ऐकलेला लामेंटो बहुधा हाच. शोकाची रचना, आणि सी मेजरमध्ये, म्हणजे उजळ, प्रसन्न वाटणाऱ्या स्वरांत! शेवटी एक साधी चढती सरगम तीन सप्तकं वर जाते, आणि 1656 च्या पुस्तकात ती जिथे संपते तिथे ढगांत देवदूत काढले आहेत. राजपुत्राचा आत्मा वर चालला आहे.

2 एप्रिल 1657 ला खुद्द फर्डिनांड तिसरा वारला. त्याच्यावरचं ‘लामेंटासियों’ हे माझ्या मते फ्रोबर्गरचं सर्वांत खोल काम. ते एफ मायनरमध्ये आहे, आणि ही निवड त्या काळच्या वाद्यावर वाजवून पाहिल्याशिवाय कळत नाही. मीनटोन या तेव्हाच्या नेहमीच्या मिळवणीत शुद्ध गंधार अगदी सुरेल लागावेत म्हणून काही स्वर सोडून दिलेले असतात. एफला षड्ज धरला तर त्याचा कोमल गंधार ज्या काळ्या पट्टीवर येतो, ती पट्टी त्या स्वरासाठी मिळवलेलीच नसते. ती शेजारच्या जी शार्पसाठी असते. त्यामुळे कोमल गंधार अपेक्षेपेक्षा बराच उतरलेला, बोचणारा लागतो. त्यावर थांबलं की अंगावर काटा येतो, आणि सुटका झाली की जीव हलका होतो. आधुनिक पियानोवर हा सगळा खेळ सपाट होतो. अखेरीला वरचा एफ तीन वेळा एकटाच वाजतो: फर्डिनांड, तिसरा.

मुलगा लिओपोल्ड गादीवर आला. तोही संगीतकार, पण फ्रोबर्गरची नोकरी त्या जूनअखेर संपली. लिओपोल्डला त्याने आणखी एक संग्रह अर्पण केला, उपयोग झाला नाही. 1 मे 1660 ही तारीख आणि पॅरिस हे ठिकाण असलेली एक अलमांद आहे, ‘माझ्या भावी मरणावरचं चिंतन’. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याने हे लिहिलं.

शेवटचा आसरा त्याला मिळाला एरिकूरच्या वाड्यात, व्युर्टेंबर्ग-मोंबेलियारची विधवा डचेस सिबिला हिच्याकडे. तीही श्टुटगार्टची, ज्या दरबारात फ्रोबर्गरचे वडील संगीतप्रमुख होते त्याच ड्यूकची मुलगी. ती त्याची शिष्या होती आणि निष्ठेने रियाज करणारी होती. मे 1667 च्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी त्याला झटका आला आणि तो गेला. आदल्या दिवशीच त्याने आपल्या अंत्यविधीची व्यवस्था लावली होती. जवळच्या बाविल्ये गावातल्या कॅथलिक चर्चमध्ये त्याला पुरलं.

त्यानंतर सिबिलाने डच मुत्सद्दी आणि कवी कॉन्स्टँटाइन हायगेन्सला पत्रं लिहिली (शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्सचे वडील, स्वतः उत्तम वादक). ती म्हणते, माझ्या गुरूच्या रचना मी कुणाला देत नाही, तसं त्यांनीच मला बजावलं होतं, कारण लोक त्यांचं काहीतरीच करून टाकतात. ज्याने त्या प्रत्यक्ष त्यांच्याकडून घेतल्या नाहीत त्याला त्या योग्य ‘डिस्क्रेशन’ने वाजवणं अशक्य. मरणावरच्या चिंतनाबद्दल ती सांगते की कोलोनचा ऑर्गनवादक कास्पार ग्रीफगेन्स ते वाजवतो, पण त्याने ते फ्रोबर्गरच्या हाताकडे पाहून, एकेक स्वर उचलून घेतलं आहे; नुसत्या स्वरलिपीतून ते सापडणं कठीण. आपल्याकडे बंदिशीचा कागद हाती असणं आणि ती गुरूसमोर बसून घेणं यांत जो फरक मानतात, तोच ही डचेस 1667 मध्ये सांगत होती. ‘डिस्क्रेशन’ हा शब्द फ्रोबर्गरच्या रचनांवर सूचना म्हणून येतो. लय कुठे धरायची आणि कुठे सोडायची याचा वादकाने केलेला विवेक, असा त्याचा अर्थ.

सिबिलाने राखलं तरी प्रकाशकांनी पुढे छापलंच. 1690 च्या दशकात माइंत्सला टोकाटा वगैरे निघाले, मग ॲमस्टरडॅमला स्वीट निघाले, तेही ‘अधिक चांगल्या क्रमाने लावलेले’. फ्रोबर्गर चौथ्या पुस्तकात जिग हे नृत्य अलमांदच्या लगेच नंतर ठेवतो. प्रकाशकाने ते शेवटी नेलं, कारण तोवर तशी रीत पडली होती. साराबांद या संथ नृत्यावर संपणारा स्वीट उड्या मारत संपू लागला. मला हे मान्य नाही, तुम्हीही मूळ क्रमानेच वाजवा.

तरीही धागा तुटला नाही. बाखच्या मृत्यूनंतर 1754 मध्ये छापलेल्या चरित्रलेखात, लहानपणी त्याने थोरल्या भावाच्या कपाटातली वही गुपचूप काढून चांदण्यात उतरवून घेतल्याची गोष्ट आहे. त्या वहीतल्या संगीतकारांत पहिलं नाव फ्रोबर्गरचं आहे, मग केर्ल आणि पाखेलबेल. आपल्या काळात भर पडली ती दोन शोधांनी. बर्लिनच्या झिंग-आकाडेमी या गायनसंस्थेचा युद्धात नाहीसा झालेला संग्रह 1999 मध्ये किव्हमध्ये सापडला, आणि रचनांमागच्या कथा सांगणारी एक प्रत त्यात निघाली. नोव्हेंबर 2006 मध्ये लंडनच्या सदबीजमध्ये त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला एक संग्रह लिलावात आला: 35 रचना, त्यांपैकी 18 पूर्वी कुणी न पाहिलेल्या. तो खासगी हातांत गेला. वादकांच्या हाती यायला हवी अशी वस्तू बंद कपाटात राहावी, याचं मला वाईट वाटतं.

आता तुमच्या लामेंटोकडे. डावा हात आधी एकटा बसवा, आणि प्रत्येक खर्जस्वर मोठ्याने गा. गाताना जिथे श्वास घ्यावासा वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करा. मग उजवा हात आणा, पण स्वरसमूह एकदम दाबू नका. खालून वर उलगडा, दुःख दाटेल तिथे सावकाश, पुढे सरकायचं असेल तिथे झपकन. लिहिलेले छोटे वेगवान स्वर म्हणजे हाताची लकेर आहे, ते गणिताने विभागू नका. पेडल जवळजवळ वापरू नका, बोटंच पट्टीवर धरून ठेवा, म्हणजे स्वर एकमेकांत मिसळतील. डिजिटल पियानो असेल तर बऱ्याच वाद्यांत मिळवणी बदलायची सोय असते, ती मीनटोनवर ठेवा; सी मेजरचा गंधार किती निवांत लागतो ते ऐकूनच पुढे जा. शेवटची सरगम हळूहळू मोठी करत नेऊ नका. हार्पसिकॉर्डवर तसं होत नाही, आणि तिथे गर्जना नकोच आहे. सम आवाजात, शेवटच्या काही स्वरांना जरा ओढत वर न्या आणि हात उचला. हे बसलं की 1649 च्या पुस्तकातली पहिली टोकाटा घ्या, लुई कुपरँच्या त्या प्रेल्यूडसोबत. एफ मायनरचं लामेंटासियों मात्र मीनटोनमध्ये मिळवलेलं वाद्य हाताशी आल्यावरच.